एका ग्रंथासाठी अरबी

सवाई जयसिंगाच्या दरबारात तयार झालेल्या ‘रेखागणित’ या संस्कृत ग्रंथाचे पान उघडले, की आधी नजर जाते ती आकृत्यांच्या कोपऱ्यांवरच्या अक्षरांकडे. त्रिकोणाचे नाव ‘अबज’, चौकोनाचे ‘अबजद’, आणि पुढे ह, व, झ अशी रांग लागते. संस्कृत पंडिताच्या लेखणीतून क, ख, ग उतरणे स्वाभाविक होते. ही रांग मात्र अरबी लिपीच्या जुन्या अबजद क्रमाची आहे. युक्लिडची भूमिती नासिरुद्दीन तूसीने १२४८ मध्ये अरबीत नव्याने मांडली होती. ती समोर ठेवून जगन्नाथ सम्राट यांनी हा ग्रंथ रचला आणि आकृत्यांवरची अक्षरे होती त्याच क्रमाने देवनागरीत उतरवली. हा पंडित अरबी पानावर बोट ठेवून वाचत होता, याची साक्ष ग्रंथाच्या पानापानावर अशी उमटलेली आहे.

जगन्नाथ मूळचे महाराष्ट्रातल्या वैदिक घराण्यातले. वडिलांचे नाव गणेश, आजोबांचे विठ्ठल. (‘रसगंगाधर’ लिहिणारे, शहाजहानच्या काळातले जगन्नाथ पंडित निराळे, नामसाम्यामुळे गल्लत होऊ नये म्हणून एवढा उल्लेख.) आमेरला ते जयसिंगाचे वेदगुरू होते. म्हणजे विद्येत मुरलेला, राजाला शिकवणारा माणूस. जयसिंगाच्या सांगण्यावरून हाच माणूस पुन्हा विद्यार्थी झाला आणि अरबी व फारसी शिकला. खगोलशास्त्राच्या इतिहासात ही गोष्ट एका वाक्यात येते आणि लेखक पुढे सरकतात. त्या एका वाक्यात किती वर्षांची बैठक दडलेली असेल, याची कल्पना परकी भाषा मधेच सोडून दिलेल्या कुणालाही सहज येईल.

आणि सोडून देणारे पुष्कळ असतात. पुण्यात, मुंबईत, जयपुरात जर्मन, फ्रेंच, जपानीच्या पहिल्या पातळीचे वर्ग भरतात, वह्या-पुस्तके येतात, महिनाभरात ओळख करून देण्याची वाक्ये तोंडात बसतात. मग क्रियापदांची रूपे वाढू लागतात, प्रगती दिसेनाशी होते आणि वरच्या पातळ्यांवरची बाके रिकामी होत जातात. अशा वेळी दोष चिकाटीला दिला जातो. जगन्नाथांच्या उदाहरणाकडे नीट पाहिले तर वेगळेच काही दिसते: ज्याला ही भाषा लागतेच असे एक काम, आणि ते काम पुरे व्हावे म्हणून वाट पाहणारा कुणीतरी.

ते काम कोणते, हे समजण्यासाठी जयसिंगाची अडचण समजून घ्यावी लागते. जयसिंगाचा जन्म १६८८ चा. अकरा वर्षांचा असताना तो आमेरच्या गादीवर आला. १७०२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेबरोबर तो विशाळगडच्या वेढ्यात होता. युद्ध, दरबार, सुभेदारी हे सारे सांभाळून त्याचा जीव अडकला होता तो आकाशात. पंचांगांनी आणि कोष्टकांनी सांगितलेली ग्रहांची जागा आणि डोळ्यांना दिसणारी जागा जुळत नव्हती. ग्रहणाच्या वेळेत फरक पडत होता. समरकंदच्या उलूघ बेगची प्रसिद्ध कोष्टकेही तोवर जुनी झाली होती. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा, वाराणसी येथे वेधशाळा उभ्या राहिल्या त्या यातूनच. जयपूर शहराची पायाभरणी १७२७ ची. तिथले जंतरमंतर त्यानंतरच्या काही वर्षांत बांधले गेले.

दगडी यंत्रांनी वेध घेता येतो, पण वेधावरून गणित कसे मांडायचे याची परंपरा ग्रंथांत असते. त्यातला फार मोठा भाग त्या काळी अरबी आणि फारसीत होता. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीचा दुसऱ्या शतकातला तेरा भागांचा ग्रंथ अरबीत ‘अल्-मजिस्ती’ म्हणून वाचला जात असे. जयसिंगाच्या पदरी मुसलमान ज्योतिषी होते, त्यांना तो कळत होता. संस्कृत सिद्धांतग्रंथ जाणणाऱ्या पंडितांना कळत नव्हता. एकाच अंगणात दोन विद्या शेजारी शेजारी नांदत होत्या आणि दोन्ही वाचू शकणारा माणूस हवा होता.

आता हे काम किती अवघड? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी एक संस्था आहे. अनेक दशकांच्या अनुभवावरून तिने जगातल्या भाषांना किती वेळ लागतो याचे अंदाज बांधले आहेत. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला स्पॅनिश कामापुरती यायला वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास पुरतात. हिंदी आणि फारसीला सुमारे १,१०० तास लागतात. अरबी बसते सर्वांत अवघड गटात, चिनी, जपानी आणि कोरियनच्या शेजारी: सुमारे २,२०० तास, म्हणजे ८८ आठवडे रोजचा पूर्णवेळ अभ्यास. संध्याकाळी एक तास काढणाऱ्या माणसाने हा हिशेब केला तर सहा वर्षे होतात, तीही एकही दिवस न चुकवता.

मराठी माणसाला फारसी इतकी दूरची नव्हती, हे खरे. सतराव्या शतकातल्या मराठी कागदपत्रांत फारसी आणि अरबी शब्दांची एवढी गर्दी होती, की शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला आणि तेराशेच्या वर शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. दफ्तर, जमा, खर्च, अर्ज, हुकूम ही मंडळी घरचीच होती. अरबीचा सांगाडा मात्र परका. तरी तिथेही संस्कृत पंडिताला एक आधार सापडतो. क-त-ब या तीन व्यंजनांतून किताब, कातिब, मक्तब हे शब्द घडतात, आणि अरबीचे बहुतेक शब्द अशाच मुळांतून फुटतात. धातूंपासून शब्द सिद्ध करण्याची सवय लहानपणापासून लागलेल्या माणसाला अशा व्याकरणाची भीती कमी वाटावी.

भाषा शिकण्यामागची इच्छा कुठून येते, याचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झाला. कॅनडातले रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लँबर्ट यांनी १९५९ मध्ये माँट्रियलमधल्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांच्या फ्रेंचचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी प्रेरणेचे दोन प्रकार केले. एक, त्या भाषेच्या लोकांत मिसळावे, त्यांच्यासारखे व्हावे ही ओढ. दुसरा, नोकरी, परीक्षा, व्यवहार यांसाठी भाषा हवी ही गरज. त्यांच्या अभ्यासात पहिली ओढ अधिक बळकट ठरली, आणि बरीच वर्षे असे मानले गेले, की गरजेपोटी शिकणारा मागे पडतो आणि प्रेमापोटी शिकणारा पुढे जातो.

या समजाला एक महत्त्वाचा धक्का मुंबईतून बसला. यास्मीन लुखमानी यांनी मुंबईतल्या मराठीभाषक शाळकरी मुलींच्या इंग्रजीचा अभ्यास केला. तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. या मुलींना इंग्रज किंवा इंग्रजाळलेल्या समाजात विरघळून जाण्याची ओढ नव्हती. त्यांना शिकायचे होते, नोकरी करायची होती, आपले आयुष्य घडवायचे होते, आणि ज्यांची ही व्यावहारिक गरज तीव्र त्यांचे इंग्रजी अधिक चांगले निघाले. आपली माणसे, आपली भाषा न सोडता परकी भाषा कमावता येते, हे या निष्कर्षाने संशोधनाच्या नकाशावर आणले. माँट्रियलमधले निकाल दादर-गिरगावला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे सांगायला मुंबईतल्या मराठी शाळकरी मुली लागल्या, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटायला हरकत नाही.

पुढे हंगेरीत जन्मलेले झोल्तान डॉर्नेई यांनी २००५ च्या सुमारास आणखी एक मांडणी केली. शिकणाऱ्याच्या मनात ती भाषा बोलणाऱ्या, वापरणाऱ्या भावी ‘स्व’चे चित्र किती स्पष्ट आहे, यावर बरेच अवलंबून असते असे ते म्हणतात. ‘मला फ्रेंच यावी’ हे चित्र धूसर. ‘तीन वर्षांनी मी हा अमुक ग्रंथ मुळातून वाचत बसलेली असेन’ हे चित्र ठसठशीत. जगन्नाथांपुढचे चित्र तर ग्रंथाच्या नावासकट ठरलेले होते.

पण ठसठशीत चित्रही सहा वर्षे पुरत नाही. ते फार लांब असते. रोज सकाळी उठून बसवते ते हातातले आजचे काम, आणि इथे युक्लिड विलक्षण उपयोगी पडतो.

भाषा शिकणाऱ्यासाठी याहून सोयीचा कठीण ग्रंथ शोधून सापडणार नाही. ‘रेखागणिता’त पंधरा अध्याय आहेत आणि पावणेपाचशेच्या आसपास सिद्धांत. बहुतेक सिद्धांत एक ते दोन पानांत संपतात. शब्दसंग्रह अगदी मोजका: बिंदू, रेषा, कोन, समान, मोठा, लहान, काढू, मिळवू, वजा करू. तेच शब्द शेकडो वेळा येतात, म्हणजे विसरायला सवडच मिळत नाही. वाक्यांची घडणही ठरलेली: अमुक दिले आहे, तमुक सिद्ध करायचे आहे, समजा असे नसेल तर, आणि शेवटी हवे होते ते हाती आले असे सांगणारे तेच ते वाक्य. सगळ्यांत मोठी सोय आकृतीची. शब्द अडला तर आकृती पाहावी. अर्थ भाषेतून कळला की गणितातून, हे क्षणभर सांगता येत नाही आणि सांगण्याची गरजही नसते. गणित जाणणारा पंडित इथे विषयात जाणता आणि भाषेत नवखा असतो. आपल्या जाणतेपणाच्या जोरावर तो भाषेतला नवखेपणा पार करत जातो. प्रौढपणी पुन्हा बालबोध पुस्तक हाती घेण्याची जी नामुष्की बहुतेकांना वर्गातून पळवून लावते, ती इथे वाट्याला येत नाही.

आजचा सिद्धांत आज संपतो. उद्याचा उद्या. अध्याय संपला की त्याची नक्कल होते. लोकमणी नावाच्या लेखकाने १७२७ मध्ये केलेली ‘रेखागणिता’ची नक्कल आपल्याला ठाऊक आहे. युक्लिडनंतर टॉलेमीची पाळी आली. तूसीच्याच अरबी आवृत्तीवर आधारलेला जगन्नाथांचा ‘सम्राट्सिद्धांत’ १७३२ चा मानला जातो. भूमितीची मर्यादित, पुन्हा पुन्हा येणारी भाषा आधी आणि खगोलाची अवघड, लांब वाक्यांची भाषा नंतर, हा क्रम गणिताच्या दृष्टीने आवश्यक होताच. भाषेच्या दृष्टीनेही त्याहून चांगला अभ्यासक्रम आखता आला नसता.

टॉलेमीच्या याच ग्रंथाने साडेपाचशे वर्षांपूर्वी आणखी एका माणसाला अरबी शिकायला लावले होते. इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदोला गेला. त्याच्या शिष्यांनी त्याच्या पश्चात लिहून ठेवले आहे, की त्याला टॉलेमीचा ग्रंथ वाचायचा होता आणि तो लॅटिनमध्ये मिळत नव्हता. तोलेदोत अरबी ग्रंथांची समृद्धी पाहून त्याने अरबी शिकून घेतली. ११७५ मध्ये त्याचे टॉलेमीचे लॅटिन भाषांतर पूर्ण झाले. युक्लिडही त्याने अरबीतून लॅटिनमध्ये नेला. ११८७ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या नावावर सत्तरहून अधिक भाषांतरे होती. एका ग्रंथासाठी शिकलेली भाषा आयुष्यभर कामाला आली.

उलट दिशेने निघालेला माणूस अल्-बेरूनी. ख्वारिझममध्ये ९७३ मध्ये जन्मलेला हा विद्वान गझनीच्या महमूदाच्या काळात हिंदुस्थानात आला आणि संस्कृत शिकला. १०३० च्या सुमारास लिहिलेल्या हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात तो आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगतो. एका वस्तूला अनेक शब्द आणि एका शब्दाला अनेक अर्थ, यांनी तो हैराण झाला होता. काही उच्चार त्याच्या जिभेला वळत नव्हते. लोकांच्या तोंडून ऐकलेला शब्द जपून लिहून घ्यावा आणि त्यांनाच परत म्हणून दाखवावा, तर त्यांना तो ओळखू येत नसे. तरी तो थांबला नाही. पुस्तके मिळवण्यात त्याने खर्चाची पर्वा केली नाही. आरंभी ज्योतिष्यांपुढे शिष्यासारखा बसणारा हा माणूस पुढे त्यांना गणितातली कारणे समजावून देऊ लागला. त्याच ग्रंथात तो सांगतो, की युक्लिड आणि मजिस्ती आपण हिंदूंसाठी संस्कृतात आणत आहोत. ते भाषांतर पुढच्या पिढ्यांच्या हाती लागले नाही. सातशे वर्षांनी नेमके तेच दोन ग्रंथ घेऊन एक महाराष्ट्रीय पंडित आमेरला बसला.

जयसिंगाच्या दरबारात सगळेच जगन्नाथांसारखे शिकले असे नाही. नयनसुख उपाध्यायांची पद्धत निराळी होती. गोलावरच्या भूमितीचा थिओडोसियसचा ग्रंथ त्यांनी ‘उकरा’ नावाने संस्कृतात आणला. तूसीच्या खगोलग्रंथावर बिर्जंदीने लिहिलेल्या टीकेचा एक भागही त्यांनी १७२९ मध्ये भाषांतरित केला, आणि तिथे मुहम्मद आबिद हे त्यांचे सहकारी होते. आबिद यांनी मूळ उलगडून सांगावे आणि नयनसुखांनी ते संस्कृतात मांडावे, अशी ती जोडी होती. एकट्याने पुस्तकाशी झगडण्यापेक्षा ही पद्धत मन टिकवायला अधिक सोपी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी प्रेरणेच्या मुळाशी तीन गरजा सांगितल्या आहेत: आपण स्वतः निवडल्याची जाणीव, जमत असल्याची जाणीव, आणि कुणाशी तरी जोडले गेल्याची जाणीव. समोर आबिद बसलेले असताना नयनसुखांना आज नको, उद्या पाहू असे म्हणणे जड गेले असते. शिवाय दोघांनाही एकमेकांकडून काही मिळत होते.

या दरबाराची हवाच तशी होती. जयसिंगाने पाद्री मान्युएल द फिगेरेदो यांच्याबरोबर पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठवले आणि ते १७३० च्या सुमारास युरोपीय पुस्तके घेऊन परतले. त्यांत फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ला हीरची कोष्टके होती. जयसिंगाने ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि त्यांतल्या चंद्राच्या जागांतल्या चुका दाखवून दिल्या. १७३४ मध्ये चंद्रनगरहून बूदिए आणि पोंस हे दोन फ्रेंच जेझुइट जयपूरला आले. यांतले पोंस स्वतः संस्कृत शिकलेले. पॅरिसच्या राजग्रंथालयाला संस्कृत हस्तलिखिते पाठवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अरबी शिकणारा मराठी पंडित आणि संस्कृत जाणणारा फ्रेंच पाद्री यांना एकाच राजाने आपल्या नगरात जागा दिली. १७४३ मध्ये जयसिंग वारला आणि हा ओघ आटला. ग्रंथ तेच होते, पंडितांची घराणीही तीच होती. नवा सिद्धांत उतरला का, असे विचारणारा माणूस उरला नव्हता. प्रेरणा ही केवळ शिकणाऱ्याच्या मनातली वस्तू असती, तर एका राजाच्या जाण्याने एवढा फरक पडला नसता.

अर्थात वाट पाहणारा राजाच असावा लागतो असे नाही. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशनचा प्रचंड व्याप सांभाळत हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृत त्यांना लहानपणी आई-वडिलांकडून मिळाली होती. या दोन भाषा त्यांनी प्रौढ वयात, एका कामासाठी मिळवल्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत मूळ ग्रंथ यावा, हा त्यांचा हेतू होता, आणि त्या बायका त्यांच्या भोवतीच राहत होत्या, त्यांच्याच छापखान्यात काम करत होत्या. १९२२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तो हे काम हातावेगळे करूनच. ग्रंथ छापून पुरा झाला १९२४ मध्ये.

विनोबांचे उदाहरण आणखी बोलके, कारण त्यात दोन्ही बाजू दिसतात. बडोद्याला शाळेत वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी फ्रेंच घेतली. आईची इच्छा संस्कृतची होती. आईला कळेल अशी गीता मराठीत हवी होती, आणि त्या मागणीची पूर्तता म्हणजे १९३२ ची ‘गीताई’. ती लिहिणाऱ्या माणसाने त्याआधी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे संस्कृत ग्रंथांचा कसून अभ्यास केला होता. ‘गीताई’ आली तेव्हा आई हयात नव्हती. मागणी तरीही संपली नव्हती. पुढे कुराण मुळातून वाचण्यासाठी विनोबा अरबी शिकले, नुसता अर्थच नव्हे तर पठणाचा उच्चारही त्यांनी कमावला, आणि १९६२ मध्ये त्यांचे ‘रूहुल कुराण’ हे सार-संकलन आले. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या चारही भाषा हाती घेतल्या. जी भाषा ज्या लोकांच्या ग्रंथासाठी, ज्या लोकांशी बोलण्यासाठी हवी, ती त्यांनी त्याच ग्रंथाच्या आणि त्याच लोकांच्या दारातून घेतली.

आजच्या जयपुरात भाषा शिकणाऱ्यांची कमतरता नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेचा हिंदीचा वर्ग जयपुरात चालतो (मराठीचा पुण्यात). तिथे येणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांचा संशोधनाचा विषय आधीच ठरलेला असतो: कुणाला राजस्थानातल्या भजनपरंपरेवर लिहायचे असते, कुणाला पाणीवाटपावर. जयपूरच्या दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटरवर टोंकला अरबी-फारसी संशोधन संस्था आहे, हजारो हस्तलिखिते सांभाळणारी. दिल्लीच्या रस्त्यावर नीमराण्याला राजस्थान सरकारच्या रिको महामंडळाने आणि जपानच्या जेट्रोने २००६ मध्ये केलेल्या करारातून जपानी कारखान्यांची वसाहत उभी राहिली आणि आसपासच्या मुलामुलींना जपानी शिकण्याचे एक रोकडे कारण मिळाले. लुखमानींच्या मुंबईतल्या मुलींनी हे कारण चटकन ओळखले असते.

मोबाइलवरची भाषेची अॅप्सही घरोघर पोचली आहेत. सलग किती दिवस अभ्यास केला याचा आकडा ती दाखवतात, आणि तो तुटू नये म्हणून माणूस रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काढतो. सवय लागण्यासाठी हे चांगलेच आहे. थोडे थोडे, अंतर ठेवून केलेले पाठांतर टिकते हे हेर्मान एबिंगहाऊसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. पण आकडा म्हणजे काम नव्हे. सलग दिवस मोजून वर्षाअखेरीस हाती आकडा येतो. एक पाककृती, एक पत्र, एक कथा रोज थोडी थोडी उलगडत गेली तर हाती काहीतरी वाचण्यासारखे, दाखवण्यासारखे येते, आणि ते ज्याला दाखवायचे तो माणूसही असतो.

जयपुरात हे सर्वांत स्पष्ट दिसते ते परकी भाषा बोलणाऱ्या गाइडांच्या धंद्यात. आमेर, हवामहल, जंतरमंतर अशा फेऱ्या रोजच्या. फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, इटालियन, जपानी येणाऱ्या गाइडला मागणी वेगळी आणि मोबदलाही जास्त. सुरुवात पाठ केलेल्या भाषणाने होते: राजाचे नाव, सन, दगडाचा रंग. ते भाषण हंगामभर रोज म्हणायचे, म्हणजे युक्लिडसारखेच तेच शब्द पुन्हा पुन्हा. खरी भाषा सुरू होते ती पर्यटकाने मधेच प्रश्न विचारल्यावर.

जंतरमंतरमध्ये असा एक प्रश्न ठरलेला आहे. सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्राच्या सावलीवरून तिथे दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते असे गाइड सांगतो. पर्यटक मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतो आणि म्हणतो, ही वेळ तर जुळत नाही. मग गाइडला सांगावे लागते, की यंत्र जयपूरची स्थानिक सूर्यवेळ दाखवते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. जयपूर त्याच्या पश्चिमेला, ७५.८ अंशांवर. प्रत्येक अंशाला चार मिनिटे, म्हणून जयपूरचा सूर्य घड्याळापेक्षा सुमारे सत्तावीस मिनिटे मागे. त्यात पृथ्वीची कक्षा वर्तुळाकार नसल्याने आणि तिचा अक्ष कललेला असल्याने रोज बदलणारा फरक मिळवावा लागतो. नोव्हेंबरच्या आरंभी एकूण अंतर दहाएक मिनिटांवर येते, फेब्रुवारीच्या मध्याला चाळीसच्या पुढे जाते. एवढे सांगायला तुलना, कारण, अट, अपूर्णांक आणि दिशा या सगळ्यांची वाक्ये लागतात. पहिल्या पातळीच्या पुस्तकात ती एकत्र मिळत नाहीत. नवा गाइड पहिल्या हंगामात इथे अडखळतो, संध्याकाळी हवी असलेली दोन क्रियापदे शोधतो आणि दुसऱ्या दिवशीच्या गटापुढे ती वापरून पाहतो. मग त्या गटातला कुणीतरी विचारतो, की ढग असले तर काय करत होते, आणि रात्री कोणते यंत्र वापरत होते.